वर्षाचा करार करण्याआधी वस्तीत पंधरा दिवस राहून पाहिलं

धाकटी नोकरीसाठी बाहेर पडली आणि चार खोल्यांच्या घरात आम्ही दोघंच उरलो. हे निवृत्त, माझं काम घरूनच. नव्या शहरात जायचं पक्कं होतं, पण कुठल्या भागात घर घ्यायचं ते ठरेना. म्हणून आठवड्याच्या हिशोबाने मिळणारी सामानासकटची घरं एकाच कंपनीकडून घेतली. दोन वस्त्या, प्रत्येकी पंधरा दिवस.

पहिली वस्ती मी निवडली, आणि जुन्याच नजरेने निवडली. रुंद रस्ते, झाडं, कोपऱ्यावर चांगली शाळा, मुलांची बाग. तिसऱ्या दिवशी खिडकीत उभी असताना जाणवलं, आता आपल्याकडे शाळेत जाणारं कोण आहे? सकाळी नऊनंतर तिथे माणूस दिसत नसे. दुपारी चारला हे पायात चपला घालायचे, दारापर्यंत जायचे आणि परत यायचे, कारण जायला ठिकाणच नव्हतं. दुकान दीड किलोमीटरवर, वाटेत टेकायला एक बाकडं नाही. जुन्या घरी आमच्या सगळ्या ओळखी मुलांमुळे झाल्या होत्या. शाळेच्या फाटकाशी, वाढदिवसांना, स्पर्धांच्या वेळी. ओळखी अशा आपोआप होतात असंच मी धरून चालले होते. आता त्या स्वतःच्या पायांनी जाऊन करायच्या, आणि त्यासाठी पायी जाता येईल असं काहीतरी जवळ हवं. हे मला कुठल्याही जाहिरातीतून कळलं नसतं.

तिथे प्रत्येक गोष्टीला गाडी लागायची. एका रात्री परतताना यांनी गाडी बाजूला घेतली, म्हणाले, समोरचे दिवे डोळ्यांवर येतात, रस्ता नीट दिसत नाही. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. चष्मा बदलून ते भरून निघत नाही. पुढची दहा वर्षं रात्री गाडी चालवावी लागेल अशा जागी राहणं मला नको वाटलं.

दुसरी वस्ती जुनी, दाटीची. वाचनालय सहा मिनिटांवर, बसथांबा त्याच्याही अलीकडे. पाचव्या दिवशी हे वाचनालयातून तासभर उशिरा आले. कोणाशी तरी बुद्धिबळाचा डाव रंगला होता. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा दिसला!

मात्र झोपण्याची खोली रस्त्याच्या बाजूला होती. मोबाइलवर मोजला तर रात्री अकरालाही आवाज ५८ डेसिबलच्या आसपास. मोबाइलचं मोजमाप ढोबळच, पण जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये दिलेल्या शिफारशींत रस्त्यावरच्या वाहतुकीच्या आवाजाची रात्रीची सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावी असं आहे. म्हणून वस्ती तीच ठेवून मागच्या गल्लीतलं घर शोधलं.

आता कंपनीबद्दल. दोन्ही घरं स्वच्छ, गाद्या उत्तम, बिघडलेला नळ त्याच दिवशी दुरुस्त. तक्रार एकच, पण गंभीर आहे. पहिल्या घराच्या जाहिरातीत ‘रुग्णालय दहा मिनिटांवर’ असं होतं. संध्याकाळी सहाला आम्ही मुद्दाम जाऊन पाहिलं, तर पस्तीस मिनिटं लागली. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं मेंदूचं नुकसान कमी. आमच्या वयाला ही पंचवीस मिनिटं क्षुल्लक नाहीत. मी लेखी कळवलं. आम्ही निघेपर्यंत जाहिरात तशीच होती. त्यासाठी एक तारा कमी, पाचपैकी चार.

खर्च दुप्पट होतो, कारण सामान गोदामात ठेवायचं भाडं वेगळं. तरी चुकीच्या जागी वर्षभर अडकण्यापेक्षा मला तो परवडला. सुट्टीच्या दिवसांत राहू नका, कामाचे दिवस धरून राहा. वस्तीची दुपार तेव्हाच कळते.

तिसऱ्या खोलीचा हट्ट मी सोडला. मुलं आली की याच कंपनीचं शेजारच्या गल्लीतलं घर त्यांच्यासाठी आठवडाभर घेऊ. नव्या घराच्या करारात दोन महिन्यांची सूचना देऊन मुदतीआधी सोडण्याची मुभा मागितली, मालकांनी ती दिली. घर पहिल्या मजल्यावर आहे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे.