शिअर की मायक्रोटेन्साइल? बाँडिंगवरच्या थिसिससाठी टेस्ट निवडताना

कॉन्झर्व्हेटिव्हच्या (दात भरून टिकवण्याच्या शाखेच्या) एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला, सिनॉप्सिसची (थिसिसच्या आराखड्याची) तारीख जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो: दोन-तीन बाँडिंग एजंटची (फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या ॲडहेसिव्हची) तुलना करायची आहे, तर शिअर (सांधा बाजूने ढकलून तोडणं) करू की मायक्रोटेन्साइल (बारीक काड्या ओढून तोडणं)? गाइड म्हणतात मायक्रोटेन्साइल कर, जर्नलला चालतं. सीनियर सांगतात शिअर कर, वेळेत संपेल. माझं मत आधीच सांगते. हाताशी पाण्याखाली चालणारी स्लो-स्पीड डायमंड सॉ आणि कमी क्षमतेचा लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) नसेल, तर मायक्रोटेन्साइलच्या वाटेला जाऊ नका. नीट केलेली शिअर टेस्ट ओढूनताणून केलेल्या मायक्रोटेन्साइलपेक्षा जास्त खरं सांगते.

शिअरमध्ये दात ॲक्रिलिकमध्ये बसवायचा, वरचा भाग कापून डेन्टिन (इनॅमल या कडक कवचाखालचा थर) सपाट उघडं करायचं, ६०० ग्रिटच्या पेपरवर पाणी सोडत घासायचं, बाँडिंग करून वर कॉम्पोझिटचा (दाताच्या रंगाच्या फिलिंगचा) छोटा दंडगोल क्युअर करायचा, म्हणजे प्रकाशाने घट्ट करायचा, आणि यूटीएमवर (ताकद मोजणाऱ्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर) दात व कॉम्पोझिटच्या सांध्यालगत पातं टेकवून तो ढकलून तोडायचा. तुटताना लागलेले न्यूटन भागिले सांध्याचं क्षेत्रफळ म्हणजे मेगापास्कल. ३ मिमी व्यासाच्या दंडगोलाचं क्षेत्रफळ ७.०७ चौरस मिमी. तो १०६ न्यूटनला तुटला तर १५ मेगापास्कल. एका दाताला एक नमुना, कापाकापी थोडी, प्रीमोलर (सुळ्यामागचे दात) चालतात. आणि ब्रेसेससाठी काढलेले प्रीमोलर आपल्या कॉलेजांत मिळतातही.

उणीव अशी की 'शिअर' नाव असलं तरी सांध्यावर ताण एकसारखा पसरत नाही. पात्याजवळ तो एकवटतो आणि तिथे ओढही निर्माण होते. १९९७ मध्ये व्हर्सलुइस आणि सहकाऱ्यांनी फायनाइट एलिमेंट विश्लेषणातून (ताण कुठे किती पडतो हे संगणकावर काढण्याच्या रीतीतून) दाखवलं की या चाचणीत डेन्टिनचा टवका निघतो तो बाँड डेन्टिनपेक्षा मजबूत आहे म्हणूनच असं नाही, ताणाच्या या रचनेमुळेही निघतो. म्हणून बाँड जितका चांगला, तितका शिअरचा आकडा बाँडविषयी कमी बोलतो. पातं सांध्यापासून अर्धा मिलिमीटर जरी वर टेकलं, तरी दंडगोल वाकून तुटतो आणि आकडा बदलतो. दंडगोलाच्या मोल्डच्या (साच्याच्या) कडेबाहेर ओघळलेलं ॲडहेसिव्ह क्युअर झालं तर चिकटलेलं क्षेत्रफळ वाढतं, तुम्ही मात्र ७.०७ नेच भागत राहता. यावर चांगला उपाय आहे: आयएसओ २९०२२ या २०१३ च्या मानकातली खाच असलेल्या पात्याची पद्धत. त्यात २.३८ मिमी व्यासाचा मोल्ड असतो आणि पात्याची अर्धगोल खाच दंडगोलाला बरोबर बिलगते. शिअर करणार असाल तर हीच करा. तारेचा फास किंवा सुरीसारखं पातं आता नको.

मायक्रोटेन्साइल १९९४ मध्ये सानो आणि सहकाऱ्यांनी मांडली. विचार साधा होता: सांधा जितका मोठा, तितके त्यात बुडबुडे आणि दोष जास्त, म्हणून क्षेत्रफळ १ चौरस मिमीच्या आसपास आणा. ताण बराच समान पसरतो, तुटणं बहुतेक सांध्यातच होतं, आणि आकडे शिअरपेक्षा बरेच वर येतात. त्यामुळे शिअरचे १५ आणि मायक्रोटेन्साइलचे ३५ एकाच तक्त्यात शेजारी मांडून 'दुसरं ॲडहेसिव्ह सरस' असं कधीही लिहू नका. परीक्षक तिथेच थांबवतात, आणि थांबवायलाच हवं.

करायला मात्र ती कठीण आहे. बाँड केलेला दात सॉवर बसवून एका दिशेने चिरा पाडायच्या, मग ९० अंशात फिरवून पुन्हा, आणि शेवटी बुडाशी आडवा छेद देऊन काड्या मोकळ्या करायच्या. बाँड कमजोर असेल तर काही काड्या दुसऱ्या फेरीतच सांध्यात तुटून पाण्याच्या ट्रेमध्ये पडतात. हे प्री-टेस्ट फेल्युअर. ते शून्य धरा, गटातली सर्वांत कमी किंमत द्या किंवा वगळा, पण किती झाले आणि काय केलं ते लिहाच. गुपचूप वगळले तर कमजोर ॲडहेसिव्ह मजबूत दिसतं, आणि मग त्या आकड्यावर विसंबून कुणीतरी रुग्णाच्या दातात ते लावतं. उरलेल्या काड्या सायनोॲक्रिलेटने (झटपट चिकटणाऱ्या गोंदाने) जिगवर, म्हणजे मशीनच्या पकडीवर, चिकटवताना जराशा तिरक्या बसल्या, तर ओढीऐवजी वाकवणं मोजलं जातं. काडीची जाडीही प्रत्येक वेळी डिजिटल कॅलिपरने घ्या. ३० न्यूटनला तुटलेली काडी १×१ मिमी धरली तर ३० मेगापास्कल, खरी मापं ०.९×०.९ असतील तर ३७.

दात हासुद्धा अडथळा आहे. प्रीमोलरमधून उपयोगी काड्या थोड्याच निघतात, त्यामुळे शाबूत अक्कलदाढा लागतात आणि त्या जमवायला वेळ जातो. दहा दाढांच्या साठ काड्या झाल्या म्हणून नमुना साठ होत नाही. एकाच दाढेच्या काड्या एकमेकींशी बांधलेल्या असतात. एकक दात धरा किंवा ते नातं हिशेबात घेणारं मॉडेल वापरा. ॲकॅडमी ऑफ डेंटल मटेरिअल्सचं २०१७ चं मार्गदर्शन सिनॉप्सिसआधी वाचून घ्या.

आता यूटीएम. बऱ्याच जणांचं काम एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा खासगी लॅबमध्ये होतं. तिथलं मशीन पोलाद आणि काँक्रीटसाठी असतं, ५० किलोन्यूटनचा लोड सेल लावलेला. तुमची काडी तुटते ३० न्यूटनला, म्हणजे क्षमतेच्या ०.०६ टक्क्याला. तो आकडा कशाचा आहे हे मशीनलाही सांगता येणार नाही. शिअरचे १०० न्यूटनसुद्धा तिथे कमीच पडतात. फोन करताना दर विचारण्याआधी '५०० न्यूटनच्या आसपासचा लोड सेल आहे का, कॅलिब्रेशन कधीचं आहे' हे विचारा.

मग मायक्रोटेन्साइल कधीच नको का? प्रश्न टिकाऊपणाचा असेल तर तीच हवी. २४ तासांनी जवळजवळ सगळीच ॲडहेसिव्ह चांगली दिसतात. पाण्यात सहा महिने ठेवल्यावर फरक दिसतो, आणि १ मिमीच्या काडीत पाणी सांध्यापर्यंत लवकर पोचतं, ३ मिमीच्या दंडगोलात उशिरा. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या व्हॅन मेयरबेक यांच्या गटाने २०१० च्या आढाव्यात म्हटलं होतं की दाताच्या मानेजवळच्या (हिरडीलगतच्या) फिलिंगच्या टिकण्याशी थोडाफार मेळ बसतो तो एज केलेल्या (मुद्दाम जुन्या केलेल्या) नमुन्यांच्या मायक्रोटेन्साइल आकड्यांचा. किडीलगतचं डेन्टिन आणि निरोगी डेन्टिन यांची तुलना असेल तरीही छोट्या काड्याच उपयोगी. उलट इनॅमल ठिसूळ असल्याने कापतानाच दगा देतं, तिथे शिअर बरी. ऑर्थोच्या (ब्रेसेसच्या) ब्रॅकेटसाठी तर शिअरच.

मायक्रोशिअर हा मधला मार्ग, बारीक नळीतले दंडगोल आणि कापणं नाही, पण ताणाचा गोंधळ शिअरसारखाच. आणि प्रश्न बाँडचा नसून फिलिंगच्या ताकदीचा असेल तर यातलं काहीच नको: आयएसओ ४०४९ प्रमाणे २५×२×२ मिमीच्या पट्ट्या, २० मिमी अंतरावर थ्री-पॉइंट बेंडिंग. चावण्याच्या पृष्ठभागासाठीच्या कॉम्पोझिटला किमान ८० मेगापास्कल लागतात.

दोन्ही टेस्टना एक अट सारखीच: ओपीडीतल्या फॉर्मेलिनच्या बरणीतले दात घेऊ नका, फॉर्मेलिनने डेन्टिनमधलं कोलॅजन (प्रथिनाचे तंतू) बदलतं आणि बाँड त्यावरच उभा असतो. आयएसओ ११४०५ नुसार आठवडाभर ०.५ टक्के क्लोरॅमिन-टी, मग ४ अंशांवर डिस्टिल्ड वॉटर, आणि काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापर.

तरीही ठरत नसेल तर सिनॉप्सिस देण्याआधी दोन दाढा घ्या, तुमच्यातलं सगळ्यात कमजोर वाटणारं ॲडहेसिव्ह लावा आणि स्वतः कापून बघा. एक तृतीयांशाहून जास्त काड्या सॉवरच गेल्या तर शिअर लिहा. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्यावर पद्धत बदलायची म्हटलं तर पुन्हा कमिटीपुढे जावं लागतं, आणि तोवर जमवलेल्या दातांचे सहा महिने उलटून जातात.