ताम्हणाचं फूल आणि न चिकटलेलं लोहचुंबक

आकडे आधी सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. सोसायटीच्या बागेसाठी एका शिल्पकाराकडून करून घेतलेली स्टेनलेस स्टीलची ताम्हणाची फांदी, नऊ फूट उंच, सात फुलं, छत्तीस पानं. ठरलेली किंमत २,८५,०००. बुकिंगला १,४२,५०० गेले. माल टेम्पोत चढवायच्या आधी "फोटो बघा आणि सोडा" म्हणून १,१४,००० गेले. चौथऱ्याला १८,६००, टेम्पोला ३,५००, नंतर धातूच्या तपासणीला १,८००. एकूण २,८०,४००. एवढ्या पैशात पहिल्याच पावसात तांबडे ओघळ सोडणारा पत्रा उभा राहिलाय.

ठरलं काय होतं, तेही लिहितो. खोडाला ३०४ ग्रेडचा, म्हणजे चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसचा, ७६ मिलीमीटर पाइप, जाडी २ मिलीमीटर. फांद्यांना २५ मिलीमीटरचा पाइप, साधारण १४ मीटर. पानं दीड मिलीमीटर स्टेनलेसची, पाकळ्या १.२ मिलीमीटर अस्सल तांब्याच्या, खाली १२ मिलीमीटरची बेसप्लेट. कागदावर सगळं झकास.

आता ती घडी, जी आठवली की रात्री झोप उडते. टेम्पोतून ती फांदी दोन माणसांनी उतरवली. त्यातल्या एकाचा एक हात कानाला होता, फोनवर बोलत होता गडी! आमच्यात दोघं कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फौंड्रीत वीस-वीस वर्षं काढलेले. रोज किलोत बोलणारी माणसं. आणि आम्ही तिथं उभे राहून "जरा डावीकडं घ्या" सांगत होतो.

हिशेब पाच मिनिटांचा होता. पाइपचं मीटरला वजन म्हणजे बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, जाडीनं गुणा, मग ०.०२४९ नं गुणा. २ मिलीमीटरच्या पाइपला मीटरला ३.७ किलो येतात, नऊ फुटांना दहा. आम्हाला मिळाला १.२ मिलीमीटरचा, सहा किलोचा. पत्र्याला आणखी सोपं. स्टेनलेसचा १ मिलीमीटर पत्रा चौरस मीटरला ७.९३ किलो, तांब्याचा ८.९६. बेचाळीस पाकळ्यांचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे तांबंच सोळा किलो भरायला हवं. सगळं मिळून सत्तर-एकाहत्तर किलो. जुलैत भंगारवाल्याच्या काट्यावर टाकलं तेव्हा भरलं ३७. पैसे सोडायच्या आधी काटा करा. वजनकाटा खोटं बोलत नाही, फोटो बोलतो.

चुंबक लावलं नाही का, असं विचारणाऱ्यांना उत्तर: लावलं. हौसेनं, चारचौघांसमोर. खोडाला चिकटलं नाही म्हणून टाळ्या पडल्या. अहो, २०२ या स्वस्त ग्रेडलाही ते चिकटत नाही! ३०४ मध्ये आठ टक्क्यांच्या वर निकेल असतं, मँगनीज दोनच्या आत. २०२ ज्यात येतं त्या दोनशेच्या मालिकेत महागडं निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घालतात. चुंबकाला दोन्ही सारखीच. उलट अस्सल ३०४ न तापवता वाकवलेलं असेल तर वळणावर थोडं ओढतं, म्हणजे खऱ्यावरच संशय यावा. यावर इलाज एकच, भंगारवाल्यांकडचा मँगनीज ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब आणि नऊ व्होल्टची बॅटरी; दोनशेच्या मालिकेवर थेंब लाल होतो. नाहीतर सरळ स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणारी यंत्रावरची तपासणी, करून घ्या. आमच्या रिपोर्टात मँगनीज ९.४ टक्के आलं. पुढचं वाचायची गरज राहिली नाही.

आणि जिथं चुंबकानं काम केलं असतं तिथं आम्ही ते लावलंच नाही. पाकळ्यांना. तांब्याला कोण चुंबक लावतं, असं म्हणत एकमेकांकडं बघून हसलो होतो. लावलं असतं तर खटकन चिकटलं असतं. आत अर्ध्या मिलीमीटरचा लोखंडी पत्रा, वर तांब्याचा मुलामा. मुलाम्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की तांबं सुखरूप राहतं आणि खालचं लोखंड झपाट्यानं गंजतं. अस्सल तांबं आधी तपकिरी पडतं, वर्षांनी हिरवट होतं. नारिंगी ओघळ दिसला की समजा, आत लोखंड आहे. कानशीनं पाकळीच्या मागं एक ओरखडा काढायचा. शिल्पकार रागावला तर रागावू दे.

शिवाय पाकळ्या एकसारख्या होत्या. ताम्हणाची पाकळी चुरगळलेल्या कागदासारखी असते, देठाकडं बारीक. हातानं करताना तांबं मंद लाल तापवून पाण्यात बुडवतात, मग ठोकतात. ठोकून कडक झालं की पुन्हा तापवतात. त्यामुळं दोन पाकळ्यांच्या चुण्या कधीच जुळत नाहीत. आमच्या बेचाळीसच्या बेचाळीस जुळत होत्या. डायमध्ये, म्हणजे एकाच साच्यात, दाबलेल्या. पाकळीची ती बारीक मान ब्रेझिंगनं, म्हणजे सांध्यात दुसरा धातू वितळवून, जोडायची असते. इथं एपॉक्सी पुटी भरून वर रंग मारलेला. पहिल्या वाऱ्यात तीन पाकळ्या लॉनवर. पाइपला खाली पाणी निघायला आठ मिलीमीटरचं भोकही नाही, आत साचून सांधा आतूनच कुजतोय.

आम्ही अगदीच बावळट नव्हतो, एवढं तरी लिहू द्या. शिरोलीतली शेड बघून आलो होतो. आर्गन वेल्डिंग चालू होतं, मुलं बफिंग करत होती. शेड दुसऱ्याची होती, हे नंतर कळलं. लाइटबिल कुणाच्या नावावर आहे, तेवढं विचारा. दिल्लीत नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या आवारातल्या शिल्पकार सुबोध गुप्तांच्या भांड्यांच्या वडाबद्दल वाचल्यापासून कमिटीला वेड लागलं होतं, त्यामुळं आमच्या शिल्पकाराच्या कामाचा अल्बम बघून भुललो. त्यातला "पुण्यात बसवलेला" जोडवृक्ष म्हणजे रॉक्सी पेन या अमेरिकन शिल्पकारानं २००७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कात उभारलेलं काम. इमेज सर्चला दहा सेकंदं लागतात. मागं ओव्हरकोट घातलेली माणसं होती हो! पुण्यात!

पोलीस ठाण्याचं काय सांगायचं. पहिल्या ठिकाणी, "हा व्यवहार आहे, दिवाणी मॅटर, वकील गाठा." दुसऱ्या ठिकाणी, "शेड तिकडं, पैसे इकडं, हद्द आमची नाही." पाच फेऱ्या झाल्या. जुलैत साहेब पुराच्या बंदोबस्ताला, मग गणपतीच्या, मग नवरात्राच्या. एकानं फोटो झूम करून बघितला आणि म्हणाला, "छान आहे की फूल." दुसऱ्यानं आम्हालाच विचारलं, एवढे पैसे फुलावर घालायची काय गरज होती? खरेदीची अक्कल शिकवायला वेळ आहे, अर्जावर शिक्का मारायला नाही. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) दखलपात्र आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते; नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते. हे आम्ही पाचव्या फेरीला वाचून गेलो. आधी जायला हवं होतं. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण पुरावा काय देणार? बिल कच्चं, लेटरपॅडवर, जीएसटी नंबर नाही. तो कर वाचवायचा मोह आमचाच. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं दिसलं होतं, "मिसेसचं खातं आहे" असं शिल्पकार म्हणाला, आम्ही पिन टाकला. ग्रेड आणि जाडी व्हॉट्सॲपवर लिहून आली होती, तेवढाच आता आधार.

करारातले शेवटचे २८,५०० आमच्याकडं राहिलेत. दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचा मेसेज येतो, गुलाबाच्या फुलासकट: "सर, बाकीचं कधी करताय?"