डिपॉझिशन यंत्राचं पेटंट: यंत्रावर, प्रक्रियेवर, सुट्या भागावर की नुसतं गुपित?

सीव्हीडी (केमिकल व्हेपर डिपॉझिशन) किंवा एएलडी (अ‍ॅटॉमिक लेयर डिपॉझिशन, म्हणजे वायू आळीपाळीने सोडून एकेक अतिपातळ थर चढवणं) रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे वायूंपासून वेफरवर (चिप बनवण्याच्या सिलिकॉनच्या चकतीवर) पातळ थर चढवणाऱ्या यंत्रात, एखादी सुधारणा सुचली आणि ती चालली, की तिला जपायचे चार मार्ग असतात. अख्ख्या यंत्रावर क्लेम (पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य), थर चढवण्याच्या प्रक्रियेवर क्लेम, शॉवरहेड (वायू सोडणारी छिद्रांची प्लेट) किंवा ससेप्टर (वेफर ठेवायची तापणारी बैठक) यांसारख्या सुट्या भागावर क्लेम, नाहीतर काहीच दाखल न करता गुपित ठेवणं. यातला कोणता घ्यायचा हे पुष्कळदा मागच्या अर्जाचा साचा पाहून ठरतं. मला ते फार खटकतं. चुकीच्या प्रकारचा क्लेम मंजूर झाला, तर वीस वर्षं फी भरूनही प्रतिस्पर्ध्याला अडवता येत नाही.

निवड करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: नवेपणा नेमका कुठे आहे? धातूच्या आकारात, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या क्रमात, की तापमान-दाबाच्या आकड्यांत? एएलडीचाच इतिहास बघा. फिनलंडच्या तुओमो सुन्तोला यांनी १९७४ मध्ये अर्ज केला आणि १९७७ मध्ये अमेरिकेत जे पेटंट मिळालं, ते थर वाढवण्याच्या पद्धतीवर होतं. यंत्रावरचं वेगळं पेटंट १९८३ मध्ये आलं. आधी क्रम सुचला, मग तो क्रम नीट पाळणारं यंत्र घडलं, आणि दोन्ही स्वतंत्रपणे राखली गेली.

यंत्रावरचा क्लेम

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात, म्हणून इथे थोडं थांबू. अमेरिकेत यंत्राचा क्लेम ते यंत्र काय *आहे* यावर जोखतात. ते काय करतं, त्यातून कोणता वायू जातो, त्यावर कोणता वेफर ठेवतात, याला एकट्याने वजन मिळत नाही. युरोपातही 'अमुक कामासाठीचं यंत्र' याचा अर्थ 'त्या कामाला चालण्याजोगं यंत्र' एवढाच घेतला जातो. आता हा क्लेम वाचा:

'चेंबर, हीटर आणि दोन गॅस लाइन असलेला रिअ‍ॅक्टर, ज्यात ट्रायमिथाइल अ‍ॅल्युमिनियम आणि पाण्याची वाफ आळीपाळीने सोडून वेफरवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवला जातो.'

एक्झामिनर दोन गॅस लाइनचा कुठलाही जुना रिअ‍ॅक्टर पुढे करेल आणि विषय तिथेच संपेल. वायू आणि वेफर या यंत्रात जाणाऱ्या वस्तू आहेत, यंत्राचे भाग नाहीत. तीच कल्पना अशी मांडली तर:

'शॉवरहेडची प्लेट, तिच्यात एकमेकींना कुठेही न मिळणाऱ्या छिद्रांच्या दोन जाळ्या, त्या दोन जाळ्यांच्या मधोमध निष्क्रिय वायू सोडणारी अखंड खाच, आणि पहिल्या जाळीचा व्हॉल्व्ह मिटल्यावरच दुसरीचा उघडेल असा प्रोग्रॅम केलेला कंट्रोलर.'

इथे पकडायला काहीतरी आहे. खाच दिसते, मोजता येते. कंट्रोलर 'प्रोग्रॅम केलेला' आहे, नुसता 'करू शकणारा' नाही, आणि क्रमातला नवेपणा यंत्राच्या क्लेममध्ये आणायचा हाच सर्वांत भरवशाचा रस्ता.

तरी एवढ्यानं इन्व्हेंटिव्ह स्टेपची, म्हणजे 'हे तज्ज्ञाला सहज सुचलं नसतं' या अटीची, पायरी ओलांडली असं समजू नये. वायू चेंबरमध्ये कसा सोडायचा, या एकाच मुद्द्यासाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सी२३सी १६/४५५ असा खास गट आहे आणि तो खचाखच भरलेला आहे. वेगळी छिद्रं एका जुन्या दस्तऐवजात सापडतील, निष्क्रिय वायूचा पडदा दुसऱ्यात, आणि 'दोन्ही जोडणं कुणालाही सुचलं असतं' असा आक्षेप हमखास येईल. भारतीय कायद्याच्या कलम ३(एफ) मध्ये तर ज्ञात साधनं, प्रत्येक आपापलं ठरलेलं काम स्वतंत्रपणे करत असताना, नुसती शेजारी मांडली तर तो शोधच धरला जात नाही. छिद्रांचा व्यास किंवा प्लेटचं अंतर बदलून थर अधिक एकसारखा आला, तर तेही नेहमीचं ट्यूनिंग ठरण्याचा धोका मोठा असतो.

उत्तर द्यायचं ते परिणामानं. वरच्या उदाहरणात खाच नसेल, तर उरलेली वाफ आणि प्रिकर्सर (थरासाठीचा धातू आणणारा वायू) छिद्रांच्या तोंडाशी भेटतात, तिथे पांढरी भुकटी धरते आणि तिचे कण वेफरवर पडतात. खाच असेल तर पर्जची (दोन वायूंच्या मधे निष्क्रिय वायूने चेंबर धुण्याची) वेळ कमी करूनही कण वाढत नाहीत, असं दाखवता आलं तर दोन भाग *मिळून* काम करतात हे सिद्ध होतं. त्यासाठी एकच रेसिपी (तापमान, दाब, वेळ यांचे ठरलेले आकडे), एकच चेंबर, फक्त खाचेचा फरक ठेवून केलेली तुलना हवी: कणांची मोजणी, ३०० मिमी वेफरवर अनेक बिंदूंवर मोजलेली जाडी, पर्जच्या दोन-तीन वेगवेगळ्या वेळा. ही तुलना अर्ज दाखल करतानाच स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या वर्णनात) असू द्या. युरोपियन पेटंट ऑफिसच्या २०२३ च्या जी २/२१ निर्णयानुसार नंतरचा पुरावा चालू शकतो, पण तो परिणाम मूळ अर्जातून तज्ज्ञाला उमगणारा हवा. मूळ अर्जात कणांचा उल्लेखच नसेल तर नंतरचे सुंदर आलेख वाया जातात, आणि चांगल्या कामाचं असं होताना पाहून खरंच वाईट वाटतं.

प्रक्रियेवरचा क्लेम

मंजुरीच्या दृष्टीनं हा पुष्कळदा सोपा. वायू, तापमान, क्रम, वेळ, सगळं इथे क्लेमचा भाग म्हणून मोजलं जातं. जुन्या यंत्रावर नवी प्रक्रिया चालवली तरी पेटंट मिळू शकतं. शिवाय ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रक्रियेच्या पेटंटचं संरक्षण तिच्यातून थेट मिळालेल्या वस्तूपर्यंत पोहोचतं, त्यामुळे दुसऱ्या देशात बनून आलेल्या मालावरही बोट ठेवता येतं. अर्थात पुढच्या शेकडो पायऱ्यांनंतरची चिप 'थेट मिळालेली' राहते का, यावर वाद होतोच.

पण अंमलबजावणीत हा क्लेम दुबळा. प्रक्रिया फॅबच्या (चिप कारखान्याच्या) बंद दाराआड चालते आणि रेसिपी बाहेर येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की प्रक्रियेचा भंग प्रत्यक्षात यंत्र चालवणारा करतो. तुम्ही यंत्रं विकणार असाल तर तो तुमचा आजचा किंवा उद्याचा ग्राहक असतो. प्रतिस्पर्धी यंत्रनिर्मात्याला धरायचं तर अप्रत्यक्ष भंगाचा (दुसऱ्याला भंग करायला मदत केल्याचा) आधार घ्यावा लागतो, आणि तो सिद्ध करणं कटकटीचं. यंत्र विकण्याऐवजी परवाने देण्यावर चालणाऱ्या विद्यापीठाला किंवा संशोधन संस्थेला मात्र हाच क्लेम जास्त उपयोगी.

सुट्या भागावरचा क्लेम

याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते यंत्र बनवणाऱ्यानं सगळ्यात आधी इथेच बघावं. अख्ख्या यंत्राच्या क्लेममध्ये पंप, चेंबर, हीटर, कंट्रोलर असे दहा घटक लिहिले, तर त्यातला एक टाळून प्रतिस्पर्धी निसटतो. नुसती प्लेट विकणारा तर थेट भंग करतच नाही. प्लाझ्मा आणि क्लोरीन-फ्लोरिनच्या क्लीनिंगमुळे शॉवरहेड, एज रिंग (वेफरच्या कडेभोवतीची कडी), ससेप्टर झिजतात आणि पुन्हा पुन्हा विकत घेतले जातात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९६१ च्या अ‍ॅरो खटल्यात सांगितलं की पेटंट असलेल्या जोडणीतला स्वतंत्र पेटंट नसलेला भाग बदलणं ही दुरुस्ती आहे, तो भंग नाही. म्हणजे यंत्राचं पेटंट हातात असूनही बदली प्लेटचा धंदा दुसरा कुणीही करू शकतो. प्लेटवर स्वतंत्र क्लेम असेल तर ती वाट बंद होते. भाग खोलून मोजता येतो, त्यामुळे पुरावाही हाताशी येतो. अडचण एकच: भाग एकटा घेतला की नवेपणा दाखवायला घटकही थोडेच उरतात, म्हणून त्याची भूमिती अगदी बारकाईनं लिहावी लागते.

गुपित

नवेपणा फक्त आकड्यांत असेल, म्हणजे सीझनिंगला (क्लीनिंगनंतर चेंबर पुन्हा स्थिर करायला) किती वेफर लागतात, क्लीनिंग कधी करायचं, कोणत्या तापमानाला किती सेकंद पर्ज, तर मी गुपिताच्या बाजूनं आहे. असे आकडे पेटंटमध्ये सहसा टिकत नाहीत, आणि अर्ज मात्र अठरा महिन्यांनी जगजाहीर होतो. आकाराच्या बाबतीत उलट: यंत्र विकलं त्या दिवशी आकार गुपित राहत नाही, आणि रीतसर विकत घेतलेलं यंत्र खोलून पाहायला सहसा कायद्याची आडकाठी नसते. तेच गुपित उद्या दुसऱ्यानं स्वतःच्या अकलेनं शोधून पेटंट घेतलं, तर अनेक देशांत पूर्ववापराचा (आधीपासून वापरत असल्यास पुढेही वापरण्याचा) हक्क मिळतो, पण तो तारखेनिशी सिद्ध करावा लागतो. म्हणून रेसिपी बदलांची तारीखवार, सही केलेली नोंद गुपित ठेवणाऱ्यालाही हवीच.

मार्ग कोणताही घ्या, तारखेच्या बाबतीत ढिलाई नको. चाचणीसाठी फॅबकडे यंत्र पाठवताना गोपनीयतेचा करार असतो म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण २०१९ च्या हेल्सिन निकालानं अमेरिकेत गुप्तपणे केलेली विक्रीसुद्धा प्रायर आर्ट (नवेपणा मोडणारी आधीची माहिती) ठरू शकते हे पक्कं झालं. तिथे निदान एक वर्षाची सवलत आहे. युरोपात ती जवळपास नाहीच: परिषदेत दाखवलेलं एक पोस्टर, ज्यात प्लेटचा छेद दिसतो, अर्ज बाद करायला पुरतं. खरेदीची ऑर्डर, परिषदेचा सारांश आणि विद्यार्थ्याचा प्रबंध, तिन्हींच्या तारखा समोर मांडा, आणि त्यातल्या सर्वांत लवकरच्या तारखेआधी अर्ज दाखल करा.