एनपीटेलचे कोर्स : थर्ड इयरवाल्यांनो, कॅम्पसच्या आधी एक तरी कराच

नोकरीची तयारी कुठून सुरू करू असं कॉलेजची पोरं विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलंय, एनपीटेल, म्हणजे ऑनलाइन कोर्स. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स आहेत, स्वयम या सरकारी पोर्टलवर फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षेला बसायचं असेल तर, एका कोर्सचे 1000 रुपये. बाहेर प्लेसमेंटचे क्लासवाले जी फी लावतात त्यापुढे हे काहीच नाही.

पण मला लेक्चर्सपेक्षाही आवडली ती त्यांची शिस्त. दर आठवड्याला असाइनमेंट येते, ठरलेल्या दिवशी रात्री 11:59 ला लिंक बंद, मग विनवण्या करून काही होत नाही. कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री जागून जर्नल पूर्ण केलं तरी सर सही देतात, ऑफिसात शुक्रवारी द्यायचं काम शुक्रवारीच द्यावं लागतं कारण पुढे दुसरं कोणीतरी त्याच्यावर अडकलेलं असतं. कोर्सचे 8 किंवा 12 आठवडे कोणी मागे न लागता स्वतःहून बसायचं, ही सवय पहिल्या नोकरीत खूप म्हणजे खूप कामाला येते.

असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात हे सगळ्यांना माहितीये. कृपा करून तो मार्ग धरू नका. असाइनमेंटला वेटेज 25 टक्के, उरलेले 75 मार्क सेंटरवर जाऊन सुपरवायझरसमोर कॉम्प्युटरवर पेपर देऊन मिळवायचे, आणि त्यात किमान 30 पडल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. आणि रेझ्युमेवर कोर्स लिहिला की इंटरव्ह्यूला त्यातलंच विचारतात.

कमी पडतं ते बोलण्याच्या बाबतीत. सॉफ्ट स्किल्सचे कोर्स आहेत, चांगले आहेत, पण नुसतं ऐकून तोंड उघडत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना जीडी म्हणजे ग्रुप डिस्कशन आणि एचआर राउंडची जी धास्ती असते ती व्हिडिओ बघून जात नाही, त्यासाठी चार मित्र जमवून एकमेकांचे इंटरव्ह्यू घ्या, चुकलं तरी बोलत रहा. विषय समजायला मात्र भाषा आडवी येऊ देऊ नका, काही कोर्सचं मराठी भाषांतर साइटवर मिळतं.

माझ्याकडून 5 पैकी 4.

थर्ड इयरची जानेवारीची बॅच घ्या, पेपर साधारण एप्रिलमध्ये होतो, म्हणजे फायनल इयरला कंपन्या यायच्या आत सर्टिफिकेट हातात असतं. आणि पहिल्यांदा करताय तर 8 आठवड्यांचाच कोर्स घ्या, 12 वाला सेमिस्टरच्या सबमिशनमध्ये फार ओढाताण करतो.