स्नोमोबाइलची पॉवर वाढवावी, की आहे ती नीट लावून घ्यावी?

बर्फाचा सीझन संपत आला की स्नोमोबाइल, म्हणजे पुढे स्की आणि मागे ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी, झाकून ठेवण्याआधी बऱ्याच जणांच्या डोक्यात हाच हिशेब चालू असतो. थोडे पैसे बाजूला काढलेले असतात. त्यात पाइप (एक्झॉस्टचा), हेड (सिलिंडरचं झाकण) आणि रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग) होतं, किंवा तेवढ्यातच क्लच, सस्पेन्शन आणि ट्रॅक (गाडी ढकलणारा रबरी पट्टा) उघडून सगळं नव्यासारखं करून घेता येतं. दोन्ही एकदम परवडत असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, दोन्ही करून टाका. हे लिहितोय ते एकच निवडायचं असलेल्यांसाठी.

गाडी टू-स्ट्रोक आहे, ६०० ते ८५० सीसीच्या मधली आहे आणि काही सीझन चाललेली आहे असं धरून चालतो. माझ्याकडे काही काळ दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच शेडमध्ये उभ्या होत्या. एकीला पाइप, हेड आणि रीमॅप. दुसरीचं इंजिन कंपनीतून आलं तसंच, पण क्लच आणि शॉक माझ्या वजनाला आणि चालवण्याला बसतील असे लावलेले. त्यांतली एक विकली. कोणती, ते ओळखायला फार वेळ लागणार नाही.

आधी पॉवरच्या बाजूने बोलतो, कारण त्या बाजूला मजा आहे आणि ती नाकारणारे बहुधा त्या गाडीवर बसलेलेच नसतात. मोकळ्या गोठलेल्या तळ्यावर थ्रॉटलवरचा अंगठा पूर्ण दाबला की गाडी जी ओढ घेते, ती अंगाला जाणवते. इंजिनाचा आवाज बदलतो, गाडी हलकीही होते, कारण कंपनीचा पाइप आणि सायलेन्सर चांगलेच जड असतात. लांब चढावर, खोल भुसभुशीत बर्फात, जिथे ट्रॅक सतत फिरता ठेवावा लागतो, तिथे जादा पॉवर हा नुसता दिखावा नसतो. उंचावर तर प्रश्नच वेगळा होतो. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के उरतो, आणि साध्या इंजिनाची पॉवर साधारण त्याच प्रमाणात घटते. म्हणजे १६५ हॉर्सपॉवरची गाडी वर गेल्यावर १२०च्या आसपासची होऊन जाते. स्की-डू या कंपनीने २०२० च्या मॉडेलमध्ये आपल्या समिट ८५० ई-टेक या डोंगरातल्या गाडीला कारखान्यातूनच टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) दिला तो याचसाठी: समुद्रसपाटीचे १६५ हॉर्सपॉवर सुमारे २,४०० मीटरपर्यंत टिकावेत म्हणून. पोलारिस या दुसऱ्या कंपनीचं पेट्रियट बूस्ट हे टर्बो इंजिन २०२२ च्या मॉडेलपासून आलं. तुम्ही सगळा सीझन डोंगरातच काढत असाल, तर तसली गाडी घेण्याचा विचार मला अजिबात वेडेपणाचा वाटत नाही.

पण कारखान्यातून आलेला टर्बो आणि जुन्या गाडीला बाहेरून जोडलेला टर्बो यांत फरक आहे. कंपनीने इंजिनाबरोबर क्लच, इंधन आणि कूलिंग यांचाही विचार केलेला असतो, आणि वर वॉरंटी असते. बाहेरच्या किटच्या पैशांत कधीकधी दुसरी बरी जुनी गाडी येते, हेही लक्षात ठेवा.

ट्रेलवर, म्हणजे आखलेल्या बर्फवाटांवर, चालवणाऱ्यांचं गणित मला उलटं वाटतं. १६५ चे १७५ झाले म्हणजे वाढ ६ टक्के. वेग वाढतो तशी हवा अडवते, आणि त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. त्यामुळे कमाल वेगात पडणारा फरक २ टक्क्यांच्या आसपास राहतो. ताशी १५० ला जाणारी गाडी १५३ ला जाईल. कॅनडातल्या क्युबेकमध्ये ट्रेलची मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे, ऑन्टारिओत ५०. ते ३ किलोमीटर कुठे खर्च करायचे? शिवाय जाहिरातीतला आकडा क्रँकशाफ्टचा असतो. बेल्ट, चेनकेस (चेनचा डबा), ट्रॅकच्या आतली बोगी चाकं, स्लायडरवर (सरकपट्ट्यांवर) घासणारा ट्रॅक, सगळे आपापला वाटा काढून घेतात आणि उरलेलं बर्फापर्यंत पोहोचतं. ट्रॅक नको तितका ताणलेला, बेअरिंग कोरडी, क्लच झिजलेला अशा गाडीला दहा हॉर्सपॉवर जोडले की नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

ट्रेलवर आपण ज्याला ‘पॉवर’ म्हणतो ती बहुतेक वेळा वळणातून बाहेर पडतानाची ओढ असते. ती क्लचमधून येते, म्हणजे इंजिनाकडची पुली (प्रायमरी), ट्रॅककडची पुली (सेकंडरी) आणि त्यांच्यामधला बेल्ट या आपोआप गिअर बदलणाऱ्या जोडणीतून.

टू-स्ट्रोकचा ट्यून्ड पाइप एका अरुंद पट्ट्यातच नीट काम करतो. परत येणारी दाबाची लाट बरोबर वेळेला पोर्टपाशी पोहोचली तर ताजं मिश्रण आत ढकलते, नाहीतर नाही. ८०० ते ८५० सीसीच्या इंजिनांत हा पट्टा साधारण आठ हजार आरपीएमच्या आजूबाजूला असतो. फुल थ्रॉटलला तुमची गाडी त्या जागेच्या तीन-चारशे आरपीएम खाली फिरत असेल, तर कंपनीने दिलेली पॉवरसुद्धा तुम्ही वापरत नाही आहात. आणि जुन्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. प्रायमरीतली स्प्रिंग थकते, रोलर आणि बुशिंग झिजतात, क्लच लवकर पकडू लागतो, सेकंडरी पटकन बॅकशिफ्ट होत नाही, म्हणजे वेग कमी झाल्यावर खालच्या गिअरला परतत नाही. हे सगळं इतकं हळू घडतं की मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं. मग तो पाइप घेतो. पाइपने पॉवरचं शिखर आणखी वरच्या आरपीएमला सरकवलं, प्रायमरीतली वजनं तीच राहिली, की गाडी पहिल्यापेक्षा आळशी वाटू शकते.

पॉवर व्हॉल्व्हचंही (एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारी झडप) तसंच. तेलाची काजळी चढून ते अडकले, पूर्ण उघडेनासे झाले, तर इंजिन वरच्या आरपीएमला चढतच नाही. साफ करायला अवजड यंत्रं लागत नाहीत, हात काळे होतात एवढंच. ते साफ करून घेतल्यावर ‘पाइप लावलास का?’ असं सोबत्यांनी विचारलेलं मी ऐकलं आहे.

स्वतःची गाडी तपासायची एक फुकटची युक्ती आहे. थंड प्रायमरीच्या पुलीवर मार्करने मध्यापासून कडेपर्यंत एक रेघ ओढा, मग सुरक्षित, मोकळ्या जागी एक लांब फुल थ्रॉटल धाव घ्या. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंतची रेघ पुसलेली असते. कडेपाशी बरीच शिल्लक राहिली तर क्लच पूर्ण शिफ्ट होत नाहीये. त्याच धावेत आरपीएम किती स्थिर राहिला ते बघा, आणि थांबल्यावर इंजिन बंद करून दोन्ही पुल्यांचं तापमान घ्या. जी पुली जास्त तापली असेल, बेल्ट बहुतेक तिथे घसरतोय. डायनोशिवाय (पॉवर मोजायच्या यंत्राशिवाय) एवढं कळलं तरी पुष्कळ. इंजिनाचे माउंटही हलवून बघा. ते ढिले असतील तर जोर लागल्यावर इंजिन जागचं सरकतं आणि उभ्या गाडीवर घेतलेली क्लचची अलाइनमेंट चालत्या गाडीत तशी राहत नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत ठरलं त्याकडे येतो. बेल्ट.

पॉवर वाढवली की ती बेल्टमधूनच जाते, दुसरा रस्ता नाही. तो घसरू नये म्हणून प्रायमरीत वजनं वाढवावी लागतात, सेकंडरीत कडक स्प्रिंग घालावी लागते, पुल्या बेल्टला अधिक दाबून धरतात. बेल्टही तेवढाच तापतो. बेल्ट ८० अंश सेल्सिअसच्या आत राहिला तर महिनोन्महिने चालतो. शंभरीपलीकडे वारंवार गेला की त्याच्या बाजू चकचकीत होतात, मग तो आणखी घसरतो, घसरला की आणखी तापतो. बरं, तापतो तो बंद पॅनलच्या आत, गरम पाइपपासून थोड्याच अंतरावर. पॅनलला जाळ्या लावून हवा खेळवता येते, आणि त्या जाळीतून भुसभुशीत बर्फही आत येतो. ओला बेल्ट पुन्हा घसरतो.

तुटला की काय होतं ते अनुभव असलेल्यांना सांगायला नको. दोऱ्यासारखे तंतू सेकंडरीच्या मागे शाफ्टभोवती गुंडाळले जातात. थंडीत हातमोजे काढून, पक्कडीने, एकेक ओढत बसायचं. एखादा तुकडा सीलपाशी राहिला तर पुढचं काम वेगळंच. हे निभावता येतं. जादा बेल्ट प्रत्येक जण बाळगतोच, साध्या गाडीवालाही. फरक इतकाच की माझ्या साध्या गाडीत तो बेल्ट बॅगेत पडून जुना होत असे, आणि पाइपवालीत तो इंधनासारखा वापरला जात असे.

तरी खरा त्रास तुटण्याचा नव्हता. नवा बेल्ट घातला की तो रुळेपर्यंत, साधारण ५० किलोमीटर, हळू चालवावा लागतो. फुल थ्रॉटल नाही, एकाच वेगावर रेंगाळायचंही नाही. आणि बेल्ट तुटतो तो अर्थातच ट्रेलर उभा केलेल्या जागेपासून सगळ्यांत दूर असताना. मग परतीच्या वाटेवर चित्र असं: गटात सगळ्यांत जास्त हॉर्सपॉवर माझ्याकडे, आणि सगळ्यांच्या मागून, दुसऱ्यांनी उडवलेला बर्फ खात मी. यावर उपाय आहे, माहीत आहे. जादा बेल्ट आधीच रुळवून, कुठल्या दिशेने फिरला त्याची खूण करून ठेवायचा. ते मी करूही लागलो. पण त्यानंतरही गाडीवर बसलं की एक कान कायम उजवीकडे-डावीकडे न जाता फक्त क्लचकडे लागलेला असे. रबराचा वास येतोय का? तो आवाज आधी होता का? बेल्टच्या तापमानाचा गेज लावल्यावर तर नजरही तिकडेच. समोर सरळ मोकळी वाट असताना, जिच्यासाठी एवढा खर्च केला तिथेच, अंगठा आपोआप ढिला पडायचा. एखाद्याला ही काळजी वाटणारही नाही. मला वाटत होती, आणि मला वाटतं निवड करताना याचा विचार हॉर्सपॉवरच्या आकड्याआधी व्हायला हवा.

उत्तम क्लचिंग केलं तर पॉवर वाढवूनही बेल्ट टिकतो, हे मान्य. टिकवणारे लोक मी पाहिले आहेत. पण त्यांच्याकडे नीट बघितलं तर ते मुळात देखभालीवालेच आहेत; पाइप त्यांनी नंतर घेतलेला आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कॉम्प्रेशन किंवा बूस्ट वाढवलं की चांगलं, जास्त ऑक्टेनचं इंधन ही गरज होऊन बसते, आणि ते प्रत्येक पंपावर मिळेलच असं नाही. डेटोनेशन (मिश्रण अवेळी भडकणं) झालं तर पिस्टन ते लपवत नाही. आवाजाचंही बघा: कंपनीची गाडी फुल थ्रॉटलला १५ मीटरवर ७८ डेसिबलच्या आत ठेवलेली असते, बाहेरचे बरेच सायलेन्सर त्याच्या वर जातात आणि ट्रेल ज्यांच्या जमिनीतून जाते त्यांना ते ऐकू जातं. वॉरंटी शिल्लक असेल तर तिचं काय होईल ते तुम्हीच ताडा.

देखभालीच्या बाजूलाही खोट आहेच, आणि ती म्हणजे कंटाळा. शॉकचं तेल आणि नायट्रोजन नवीन केला, हे कोणाला दाखवणार? स्लायडर, बोगी चाकांची बेअरिंग, चेनकेसचं तेल, स्कीचे कार्बाइड, ट्रॅकचा ताण, यांतलं एकही काम फोटोत दिसत नाही. क्लच ट्यूनिंगला तर फारच सबुरी लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बर्फ रोज वेगळा, थंडी रोज वेगळी, त्यामुळे परवाच्या धावेची आजच्याशी तुलना करताना मन खात राहतं. क्लच काढायला पुलर आणि स्प्रिंग दाबायला योग्य हत्यार नसेल तर घरी हात घालूच नये. ती स्प्रिंग चेष्टा करत नाही. स्की-डूचा टीआरए क्लच असेल तर निदान त्यावरचे क्लिकर (जुळवणीचे स्क्रू) फिरवून एका टप्प्याला सुमारे दोनशे आरपीएम असा खेळ क्लच न काढता करता येतो. पण ज्याला शनिवारी पाइप लावून रविवारी फरक हवा आहे, त्याला हे सगळं रटाळ वाटणार.

शॉकबद्दल मात्र एक वाक्य जास्त लिहितो. खड्ड्याखड्ड्यांच्या ट्रेलवर वेग ठरवते ती पाठ आणि मनगटं. नव्याने भरलेल्या शॉकवर मी तीच वाट आधीपेक्षा बऱ्यापैकी जोरात आणि कमी दमून पार करतो, घड्याळ लावलेलं नाही, पण दुपारनंतर किती चालवावंसं वाटतं यावरून कळतं. तेवढा फरक मला पाइपने ट्रेलवर कधी दिला नाही.

तेव्हा उंच डोंगर आणि खोल बर्फ हेच तुमचं सगळं जग असेल तर पॉवरकडे जा, शक्यतो कारखान्यातूनच आलेल्या. ट्रेल, तळी, थोडा मोकळा बर्फ असं मिश्र चालवत असाल तर माझा कौल कुठे आहे ते दिसतंच आहे. आणि इतकं वाचूनही पाइप घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्याला एवढंच विचारा की या पाइपबरोबर तुम्ही चालवता त्या जागेच्या उंचीला आणि तुमच्या वजनाला प्रायमरीत किती ग्रॅमची वजनं आणि कोणती स्प्रिंग घालायची. आकडा सांगितला तर बोलणं पुढे न्या. ‘आहे तीच चालतील’ म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.