केप टाउनमध्ये जहाज एकच दिवस थांबणार असेल, तर कोणती सहल घ्यावी?

जहाज केप टाउनच्या धक्क्याला लागते, तेव्हा १,०८६ मीटर उंचीचा टेबल माउंटन डेकवरूनच पूर्ण दिसतो. त्याच्या मागच्या अंगाला, विमानतळाच्या दिशेने, केप फ्लॅट्सचे सपाट वालुकामय मैदान आणि तेथील पत्र्यांच्या वस्त्या पसरल्या आहेत. त्या मात्र बंदरातून दिसत नाहीत. जागतिक बँकेच्या मोजमापात दक्षिण आफ्रिका उत्पन्नाच्या विषमतेत जगात सर्वांत पुढे असलेल्या देशांपैकी आहे. त्यामुळे सकाळ ते संध्याकाळ एवढाच वेळ हाती असलेल्या प्रवाशाला सहल निवडताना या शहराची कोणती बाजू पाहायची, हेही ठरवावे लागते. व्यवहारात त्याच्यापुढे तीन पर्याय असतात.

पहिला आणि सर्वाधिक खपणारा पर्याय म्हणजे जहाज कंपनीची द्वीपकल्पाची दिवसभराची बससहल. हाउट बे, १९२२ साली खुला झालेला आणि नऊ किलोमीटरांत ११४ वळणे घेणारा चॅपमन्स पीकचा रस्ता, केप ऑफ गुड होपचे टोक आणि बोल्डर्स किनाऱ्यावरचे आफ्रिकन पेंग्विन असा तिचा साधारण मार्ग असतो. सृष्टिसौंदर्याचाच विचार केला, तर हिच्या तोडीची सहल दुसरी नाही. शिवाय जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला, तर जहाज थांबते. बाहेरून गाडी ठरवून गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. या हमीसाठी जादा पैसे मोजावे लागतात, आणि वयस्कर आईवडील बरोबर असतील तर ते मोजावेत असे माझे मत आहे. मात्र या सहलीत विषमता दिसते ती काचेआडून. हाउट बेच्या उतारावर, झाडीत दडलेल्या आलिशान बंगल्यांना जवळजवळ खेटूनच इमिझामो येथू ही दाटीची वस्ती उभी आहे. मार्च २०१७च्या आगीत तेथील हजारो लोक बेघर झाले. बस मासळी बंदराशी थांबते, वस्तीशी सहसा थांबत नाही, आणि मार्गदर्शकाने विषय काढलाच तरी तो दोन मिनिटांत संपतो.

दुसरा पर्याय रॉबेन बेटाचा. नेल्सन मंडेला यांनी २७ वर्षांच्या कारावासापैकी १८ वर्षे येथे काढली, आणि पूर्वीचे राजकीय कैदी स्वतः तुरुंग दाखवतात हेच या सहलीचे खरे मोल आहे. ती माणसे आता वयस्क झाली आहेत, हेही लक्षात घ्यावे. जाऊन येऊन साडेतीन ते चार तास लागतात. अडचण एवढीच, की समुद्र खवळला तर फेरी रद्द होते आणि तिकीट आधी काढलेले नसेल तर आयत्या वेळी मिळेलच असे नाही.

तिसरा पर्याय सर्वांत वादग्रस्त आहे: डिस्ट्रिक्ट सिक्सचे संग्रहालय आणि लांगा ही टाउनशिप, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी वेगळी वसवलेली वस्ती. डिस्ट्रिक्ट सिक्स ही बंदराजवळची मिश्र लोकवस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी फक्त गोऱ्यांसाठी राखीव ठरवण्यात आली आणि पुढील वर्षांत ६०,०००हून अधिक लोकांना तेथून उठवून केप फ्लॅट्सवर नेण्यात आले. संग्रहालयाच्या जमिनीवर जुन्या मोहल्ल्याचा मोठा नकाशा अंथरलेला आहे, आणि तेथून हलवलेल्या लोकांनी आपापल्या घराच्या जागी स्वतःची नावे लिहिली आहेत. हे आधी पाहून मग लांगाला गेल्यास तेथील दाटी ही आपोआप आलेली गरिबी नव्हे, ती कायद्याने आखलेली होती, हे सांगावे लागत नाही.

लांगा १९२०च्या दशकात वसवलेली, शहरातील सर्वांत जुनी टाउनशिप आहे. येथील वसतिगृहे एकट्या पुरुष कामगारांसाठी होती. गिरणगावात एका खोलीत दहा-बारा गडी पाळीपाळीने झोपत, तसाच काहीसा हा प्रकार. फरक असा, की येथे बायकामुलांना आणण्याची मनाई कायद्यानेच होती. कृष्णवर्णीयांना शहरात वावरताना ‘पास’ नावाचा परवाना जवळ बाळगावा लागे; त्या कायद्याचे खटले चालवणारे जवळचे जुने पासन्यायालय आता संग्रहालय झाले आहे. याच लांगातून ३० मार्च १९६० रोजी फिलिप कोसाना या तरुणाच्या नेतृत्वाखाली सुमारे ३०,००० लोक पासकायद्याविरुद्ध शहरापर्यंत चालत गेले. रस्त्याच्या कडेला बाया मेंढीची मुंडकी जाळावर भाजून, केस खरवडून विकतात. स्थानिक लोक त्यांना ‘स्मायली’ म्हणतात.

परक्याची गरिबी पाहायला जाणे योग्य आहे का, हा आक्षेप खराच आहे, पण त्याचे उत्तर सहलीच्या पद्धतीवर अवलंबून आहे. गाडीतून न उतरता वस्तीतून फिरवून आणणारी सहल मी कोणालाही सुचवणार नाही. लांगातच राहणाऱ्या, नोंदणीचा बिल्ला असलेल्या मार्गदर्शकासोबत लहान गटाने पायी फिरणे ही वेगळी गोष्ट आहे: त्यात पैसा वस्तीत राहतो आणि प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारता येतात. नोंदणी करतानाच मार्गदर्शक कुठे राहतो आणि गटात किती जण असतील, हे विचारून घ्यावे. बालवाडीतल्या मुलांना भेटवण्याचे आमिष दाखवणारी सहल टाळावी, घरांचे व माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि स्वतःहून एकट्याने वस्तीत हिंडू नये.

संग्रहालय आणि लांगा मिळून अर्धा दिवस पुरतो, म्हणून प्रकृती ठणठणीत असलेल्या प्रवाशाने सकाळी हे दोन्ही करून दुपार टेबल माउंटनच्या रोपवेसाठी मोकळी ठेवावी, असा माझा कौल आहे. पेंग्विन आणि चॅपमन्स पीक त्यात हुकतात, आणि ज्याला मुख्यतः निसर्गच पाहायचा आहे त्याने ते हुकवू नयेत. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या थंडीच्या दिवसांत, आग्नेयेचा वारा सुटला की रोपवे बंद होतो. तेव्हा त्याचे तिकीट त्या दिवशीचे हवामान पाहूनच काढावे. जहाज रात्री मुक्कामाला थांबणार असेल, तर पहिल्या दिवशी लांगा आणि दुसऱ्या दिवशी द्वीपकल्प हा क्रम ठेवावा, म्हणजे हाउट बेच्या वळणावर बसमधून काय दिसते आहे ते ओळखता येईल.