जर्मनीच्या ब्लू कार्डसाठी धरमपेठेतला कन्सल्टंट: ८५ हजारांचं पॅकेज, माझा अनुभव

ऑफिस नागपूरच्या धरमपेठेत आहे, पहिल्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, पैशांचा विषय अजून मिटलेला नाही.

मी अकरा वर्षं बुटीबोरीला पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. मार्च २०२५ मध्ये स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर आली: वर्षाला ४६,००० युरो, टॅक्स कापायच्या आधी. तिथल्या एचआरनं एवढंच कळवलं की ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधर परदेशी लोकांना तिथं नोकरी करायला मिळणाऱ्या परवान्यासाठी, अर्ज करा. आमच्या घरात याआधी कोणी व्हिसाचा फॉर्मसुद्धा पाहिलेला नव्हता. म्हणून गेलो यांच्याकडे. ८५,००० रुपयांचं पॅकेज, त्यातले २५,००० त्याच दिवशी भरले. सर म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, फाइल आमच्यावर सोडा."

माणसं अदबीनं बोलतात, फोन लगेच उचलतात. त्यासाठी एक तारा नक्की देते. दुसरा देता येत नाही.

त्यांनी हातात दिलेल्या यादीत पहिलंच काम होतं ब्लॉक्ड अकाउंटचं: ११,९०४ युरो आधी जर्मन खात्यात अडकवून ठेवायचे. नवऱ्यानं हिशेब केला, साडेअकरा लाखांच्या आसपास गेला. जेवणं झाल्यावर सासूबाई आत गेल्या आणि कपाटातल्या एफडीच्या पावत्या आणून टेबलावर ठेवल्या. म्हणाल्या, "मोडा, पोरीचं काम अडायला नको." मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुटल्यावर मी स्वतः जर्मन वकिलातीची माहिती वाचायला बसले, तेव्हा कळलं की ही अट शिकायला जाणाऱ्यांची आहे. महिन्याला ९९२ युरो, असे बारा महिन्यांचे. ज्याच्या हातात नोकरीचा करार आहे त्याचा पगार हाच त्याच्या खर्चाचा पुरावा. मला दिलेली यादी विद्यार्थ्यांची होती, वरचं नाव तेवढं बदललेलं. सासूबाईंच्या पावत्या तशाच परत ठेवल्या, पण त्या एका रात्रीसाठी मी या लोकांना माफ केलेलं नाही.

मग पगाराची गोष्ट. त्यांच्या माहितीपत्रकात ब्लू कार्डची किमान मर्यादा ४५,३०० युरो छापलेली होती. माझे ४६,०००, म्हणजे "तुमचं सरळ आहे". पण तो आकडा २०२४ चा. ही मर्यादा दर वर्षी जानेवारीत बदलते आणि २०२५ साठी ती ४८,३०० झालेली होती. त्या हिशेबानं मी बसतच नव्हते. मी बसले ते दुसऱ्या वाटेनं: ज्या कामांना तिथं माणसं कमी पडतात त्यांच्यासाठी मर्यादा खाली आहे, २०२५ मध्ये ४३,७५९.८० युरो, आणि इंजिनियर त्यात येतात. मात्र या वाटेनं गेलं की तिथल्या रोजगार खात्याची मंजुरी लागते. त्यासाठी कंपनीनं एक फॉर्म भरून द्यायचा असतो, 'एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफरहेल्टनिस' नावाचा: काम काय, पगार किती, आठवड्याचे तास किती, रजा किती. सरांना मी या फॉर्मबद्दल विचारलं तर ते म्हणाले, ऑफर लेटर पुरतं. नाही पुरत.

तिसरी चूक डिग्रीची, आणि इथं बरेच जण फसतात. अनाबिन नावाची जर्मन सरकारची यादी आहे. त्यात माझं विद्यापीठ 'एच प्लस' दिसलं, तर यांनी फाइलवर बरोबरची खूण करून टाकली. 'एच प्लस' म्हणजे फक्त संस्था मान्य आहे. तुमची पदवी त्यांच्या पदवीच्या बरोबरीची आहे का, याची नोंद वेगळी पाहावी लागते, आणि माझ्या बी.ई.ची नोंद मला त्या नावानं सापडली नाही. अशा वेळी बॉनच्या झेडएबी या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन मागवावं लागतं. फी २०८ युरो, म्हणजे वीस हजारांच्या आसपास. "तुम्हाला हवंच असेल तर आम्ही ४०,००० मध्ये करून देऊ," असं मला सांगण्यात आलं. तिथून मी उठले ती परत गेले नाही.

पुढचं सगळं घरी केलं, मे महिन्याच्या उकाड्यात, कूलरसमोर लॅपटॉप ठेवून. झेडएबीचं पत्र तीन आठवड्यांत आलं. व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरला. २०२५ पासून ते जगभरातल्या त्यांच्या सगळ्या व्हिसा कार्यालयांसाठी सुरू आहे, आणि मला विचाराल तर पूर्ण पाच तारे. आधी प्रश्न विचारतं, उत्तरांवरून तुमच्यापुरतीच कागदांची यादी देतं. अपलोड केलं की पलीकडे माणूस तपासतो. माझ्या कंपनीच्या फॉर्मवर आठवड्याचे तास लिहायचे राहिले होते. चार दिवसांत मेसेज आला, एचआरनं दुरुस्त करून पाठवलं, मग मुंबईतल्या मुलाखतीची वेळ मिळाली. हीच चूक मुंबईच्या काउंटरवर निघाली असती तर मला पुन्हा नागपूर-मुंबई करावं लागलं असतं.

जुलैत रात्रीच्या दुरांतोनं गेले, फाइल उशाखाली ठेवून. मूळ कागद, बोटांचे ठसे, ७५ युरोची फी रुपयांत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचेच लागतात. सीताबर्डीच्या स्टुडिओतल्या दादांनी चेहऱ्याचं माप पट्टीनं मोजून तिसऱ्यांदा काढून दिले आणि पैसे एकदाचेच घेतले. पाच आठवड्यांनी पासपोर्ट घरी आला.

ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला आधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही, हेही पॅकेजमध्ये उलटंच सांगितलेलं होतं. नवऱ्यासाठी क्लासची वेगळी फी लावली होती. आम्ही दोघं शिकतोच आहोत, कारण भाषा बी-वन म्हणजे मधल्या पातळीची झाली तर कायमचा परवाना २१ महिन्यांत मागता येतो, ए-वन या सगळ्यात खालच्या पातळीवर २७. पण ते आमच्या सवडीनं.

विद्यार्थ्यांच्या केसेस ते वर्षानुवर्षं करत आले आहेत, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. नोकरीच्या व्हिसासाठी जाणार असाल तर पैसे भरण्याआधी या वर्षीची पगारमर्यादा किती ते त्यांना तोंडी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पाकीट उघडू नका.

२५,००० पैकी १०,००० परत मिळाले आहेत. उरलेल्यांसाठी लेखी अर्ज दिला आहे आणि त्यावर शिक्क्यासह पोच घेतली आहे.